वेट ग्राइंडर घेऊन आठ महिने झाले, आता खरं खरं सांगते

वेट ग्राइंडर म्हणजे विजेवर फिरणारा दगडी रगडा. दिवाळीच्या आधी घेतला होता, टेबलटॉप, दोन लिटरचा, पाच हजारांच्या आत आला. आता जून लागलाय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं म्हणून मुद्दाम थांबले.

आधी घरात 750 वॅटचा मिक्सर, सासूबाईंचा खलबत्ता आणि मागच्या अंगणात पाटा-वरवंटा. पाट्याला टाकी लावणारा आमच्या इंदूरच्या रामबागेत कित्येक वर्षांत फिरकला नाही, त्यामुळे तो गुळगुळीत होऊन पडलाय, मांजर झोपतं त्याच्यावर. इडलीचं मी मिक्सरमध्येच वाटायचे आणि दर वेळी तेच, उडीद अर्धा वाटला की भांडं गरम, मोटरचा वास, मग बर्फाचं पाणी घाल, थांब, परत फिरव. मिक्सर मिनिटाला 18,000 च्या आसपास फेरे मारतो, पातं डाळ चिरतं आणि पीठ तापतं. रगड्यात दगड हळूहळू डाळ चेचतात, हवा मिसळत जाते, अर्ध्या तासात पीठ फुगून कडेला येतं. थेंब पाण्यात टाकला तर तरंगतो! आधी तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद लागायचा, आता चार वाट्यांना एक पुरतो.

सगळ्यात फरक पडला तो दहीवड्यात. सोडा न घालता इतके हलके झाले की आमचे हे म्हणाले, आता रात्रीच्या खाऊबाजारात, सराफ्यात जायची गरज नाही, आणि त्याच रात्री अकराला मित्रांबरोबर सराफ्यात गेलेच.

आता बाकीचं. भुट्ट्याचा कीस करायला मी हौसेने कणसाचे दाणे यात टाकले, तो कीस नाही झाला, लापशी झाली, कीस किसणीवरच करायचा हे इंदुरात राहून मला कळायला नको? होळीला पुरण घातलं, जरा घट्टच होतं, दगड अडकले आणि आतला पट्टा सटकला. कंपनीकडे तक्रार नोंदवली, आज येतो उद्या येतो करत तीन आठवडे गेले, शेवटी राजवाड्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्या भैयांनी दहा मिनिटांत पट्टा बदलून दिला. पुरण परत पुरणयंत्रावर. ओल्या चटणीला मिक्सर, वेलची-जिऱ्याला खलबत्ता, त्यांची जागा कुणी घेतली नाही. कोरडं तर यात काहीच घालायचं नाही.

आणि धुणं! दगड, ड्रम, तो खरवडायचा पट्टीसारखा तुकडा, सगळं वेगवेगळं, पीठ वाळलं की संपलंच. वाटून झालं की लगेच पाणी घालून दोन मिनिटं फिरवून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. सगळं मिळून दहा-अकरा किलोचं धूड आहे, रोज काढून ठेवायचा विचारच करू नका, ओट्यावर कायमची जागा असेल तरच घ्या.

जानेवारीत पीठ रात्रभर हललंच नाही, मग ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं तेव्हा सोळा तासांनी फुगलं. मे महिन्यात उलट, पाच तासांत डबा सोडून ओटाभर.

मुळात हे यंत्र कोइमतूरचं, तिथल्या वेट ग्राइंडरला जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या वस्तूला मिळणारं भौगोलिक मानांकनसुद्धा आहे, तिकडे सकाळी इडली लागते. आपल्याकडे सकाळी पोहेच, त्यात बदल करायची कुणाची हिंमत नाही, म्हणून आमच्याकडे याचं सगळं रात्रीच्या जेवणाला जातं. शेजारच्या वहिनी आणि मी रोज संध्याकाळी गॅलरीतून तेच बोलतो, "काय वहिनी, रात्री काय करून राहिल्या?" आधी उत्तर सहा वाजता सुचायचं, आता सकाळीच डाळ भिजवलेली असते म्हणून रात्री डोसे की उत्तप्पा एवढाच प्रश्न उरतो. आठवड्यातून एकदा तरी उडीद वाटत असाल तर घ्या. महिन्यातून एकदा इडली करणाऱ्यांनी मिक्सरमध्ये बर्फाचं पाणी घाला आणि पैसे वाचवा, वहिनींनी तेच केलं. फक्त दर शनिवारी त्यांचा डबा माझ्याकडे येतो, "थोडंसं पीठ जास्तीचं असेल तर" म्हणून, आणि तो डबा दीड लिटरचा आहे.