सीना-भीमेच्या काठावर सेंटिनेल आणि क्यूजीआयएस: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पूर, दुष्काळ आणि जमिनीतील बदल यांचा उपग्रह प्रतिमांवरून अभ्यास करण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी साधने आज विनामूल्य मिळतात. गेल्या पावसाळ्यापासून मी ती सोलापूर जिल्ह्यातील जलसंधारणाच्या कामासाठी वापरत आहे. माझी सामग्री साधी आहे: युरोपच्या सेंटिनेल-१ आणि सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमा, १९७२ पासूनचा लँडसॅटचा साठा, इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ, आणि हे सारे एकावर एक ठेवून पाहण्यासाठी क्यूजीआयएस ही मुक्त प्रणाली. ही साधने शिकण्यासाठी घेतलेले कष्ट पुरेपूर वसूल होतात, असे माझे मत झाले आहे. मात्र ज्याला आपल्या तालुक्यातील पेरणी, बहार आणि तोडणी यांचे वेळापत्रक ठाऊक नाही, त्याने या प्रतिमांवरून पिकांविषयी किंवा पुराविषयी काहीही ठामपणे सांगू नये, असेही मी तितक्याच आग्रहाने म्हणेन.

सेंटिनेल-२ ची प्रतिमा १० मीटरच्या पिक्सेलची असते आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातात. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठवते. परत आलेल्या अवरक्त आणि लाल प्रकाशाच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक मिळतो. क्यूजीआयएसमधील रास्टर कॅल्क्युलेटर या पिक्सेलनिहाय गणित करणाऱ्या सोयीत हे सूत्र एका ओळीत बसते, त्यामुळे नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी रंगीत नकाशा काढता येतो आणि नेमका तेथेच धोका सुरू होतो. ऑगस्टमधील ढग नसलेली एखादी प्रतिमा घेऊन मंगळवेढ्याच्या काळ्या शिवाराचा एनडीव्हीआय काढला, तर पाऊस उत्तम झालेला असतानाही मोठा भाग उजाड दिसतो. बाहेरचा अभ्यासक त्याला सहज दुष्काळ म्हणेल. प्रत्यक्षात ती रान मोकळे ठेवून ओल धरण्याची रीत आहे. त्या भारी जमिनीत ज्वारी पेरायची असते ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर. त्याच शिवाराची डिसेंबरमधील प्रतिमा पाहिली म्हणजे त्या वर्षी ओल किती टिकली याचा खरा अंदाज येतो.

डाळिंबाच्या बाबतीत फसगत याहून बारीक आहे. सांगोल्याकडे बहार धरण्यापूर्वी बागेचे पाणी तोडून तिला ताण दिला जातो आणि पानगळ केली जाते. त्या आठवड्यांत निर्देशांक झपाट्याने खाली येतो, तो रोगामुळे किंवा टंचाईमुळे नव्हे, तर शेतकऱ्याने ठरवल्यामुळे. शिवाय दोन ओळींमधील उघडी माती झाडांबरोबर एकाच पिक्सेलमध्ये येत असल्याने सशक्त बागसुद्धा फिकी दिसते. उलट, कालव्याच्या किंवा नदीच्या पाण्यावरील ऊस टंचाईच्या वर्षातही एप्रिलपर्यंत गर्द हिरवा राहतो. म्हणून तालुक्याची सरासरी काढून ती दुष्काळाचे मोजमाप म्हणून मांडणे मला चुकीचे वाटते. बागायत आणि जिरायत वेगळी केल्याशिवाय त्या सरासरीतून कोरडवाहू शेतकऱ्याची अवस्था कळतच नाही.

पुराच्या वेळी सेंटिनेल-२ चा उपयोग जवळजवळ नसतो, कारण पूर असतो तेव्हा आभाळही भरलेले असते. तेथे सेंटिनेल-१ चे रडार कामाला येते. त्याच्या सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांतून आरपार जातात, संथ पाण्यावर आदळून पलीकडे निसटतात, आणि परतणारा संकेत अगदी क्षीण असल्याने पाणी काळे दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराने माढा, मोहोळ आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत जे नुकसान केले, त्याचा विस्तार समजून घेण्यासाठी मी पुराआधीची आणि पुरानंतरची रडार प्रतिमा शेजारी ठेवून पाहिली. उघड्या रानात, सोयाबीन-उडदाच्या ठेंगण्या पिकात आणि नदीच्या वळणांवर पसरलेले पाणी इतके स्पष्ट दिसते की दुसऱ्या पुराव्याची गरज भासू नये.

उसात मात्र हे चित्र कोलमडते. उभ्या उसाचा दाट पाला या लहरींना वरच्या वरच परतवतो, त्यामुळे खाली कमरेइतके पाणी असले तरी नकाशावर ते रान कोरडे दिसते. पाणी ओसरल्यानंतर नदीकाठच्या अशा एका फडात मी नकाशा हातात घेऊन उभा होतो. उसाच्या कांड्यांवर छातीच्या उंचीला वाळलेल्या गाळाची सलग रेघ होती, तिच्याखालची पाने राखाडी होऊन एकमेकांना चिकटलेली होती, सरींमध्ये भेगाळलेला गाळ बसला होता, आणि माझ्या नकाशावर त्या गटात पाण्याचा एकही पिक्सेल नव्हता. सीना आणि भीमा या दोन्ही नद्यांचा काठ म्हणजे उसाचा पट्टा, तेव्हा केवळ रडारवर विसंबून काढलेले पूरक्षेत्र आपल्याकडे वास्तवापेक्षा कमीच भरणार. अशा नकाशावरून कोणाचा पंचनामा नाकारला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. उलट बाजूची चूकही घडते: डांबरी रस्ते आणि गुळगुळीत, सपाट मोकळ्या जागा कोरड्या असतानाही काळ्या दिसतात. पुराआधीच्या प्रतिमेशी तुलना केली की त्या वगळता येतात, म्हणून एकट्या प्रतिमेवर कधीही काम करू नये.

वेळेचा प्रश्नही आहेच. एक सेंटिनेल-१ उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो. पुराचा कळस मधल्या एखाद्या रात्री येऊन गेला, तर आपल्याला दिसते ते ओसरू लागलेले पाणी. पाण्याची खोली काढण्यासाठी मी एसआरटीएम या मोहिमेची जमिनीच्या उंचीची माहिती वापरून पाहिली. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या या मोजणीत काही मीटरची चूक संभवते, आणि आपल्या नदीकाठी तर एक-दोन मीटरच्या फरकावर वस्ती बुडणार की वाचणार हे ठरते. ओढ्यांचे पाणलोट आखण्यासाठी आणि बंधाऱ्याची जागा प्राथमिक पातळीवर निवडण्यासाठी ती चांगली आहे. पूररेषा ठरवण्यासाठी मी ती कधीही वापरणार नाही.

या प्रतिमांचा सर्वांत निर्धोक वापर झाला तो उजनीचा जलाशय पाहण्यासाठी. २०२४ च्या उन्हाळ्यात मृतसाठ्यात खोलवर गेलेली उजनी आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भरलेली उजनी या दोन प्रतिमा शाळेतील मुलांनाही समजतात. फक्त उघड्या पडलेल्या पात्रातील गाळपेर आणि पाण्यावरची जलपर्णी दोन्ही हिरवी दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. सोलापूरसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा ४३ उत्तर हा विभाग निवडावा, नाहीतर क्षेत्रफळे हेक्टरमध्ये बरोबर येत नाहीत. सेंटिनेल-२ ची एक पूर्ण फरशी, म्हणजे प्रतिमेचा एक चौकोनी तुकडा (टाइल), सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद असते आणि तिची फाइल बरीच जड होते. आपल्याला हवा तेवढा भाग आधीच कापून घेतला तर साध्या लॅपटॉपवरही काम निभते. गट नंबरच्या हद्दी उपग्रह प्रतिमेवर चढवल्या की अनेकदा बांधाशी जुळत नाहीत, म्हणून एखाद्या शेतकऱ्याच्या गटाविषयी बोलण्यापूर्वी बांधावर उभे राहून मोबाइलवर जागेची नोंद घ्यावी आणि तारखेसह फोटो काढावा. मी आता प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात उपग्रहाचे नाव, प्रतिमेची तारीख आणि त्या दिवशी शिवारात उभे असलेले पीक या तीन गोष्टी लिहितो.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या नासा व इस्रोच्या संयुक्त उपग्रहाकडून मला मोठी आशा आहे. त्याच्या एल-बँड रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची असल्याने ती पाल्यातून अधिक खोल जाते. सीनेकाठच्या ज्या फडांमध्ये गाळाची रेघ मिळाली, त्यांची ठिकाणे आणि रेघेची उंची मी नोंदवून ठेवली आहे. पुढच्या पुरातही त्याच फडांत अशाच नोंदी घेणार आहे, म्हणजे उसाखालचे पाणी निसारला खरोखर दिसते का, हे त्या दिवसांच्या प्रतिमांशी ताडून पाहता येईल.