लिनक्सवाल्यांकडून मदत घेताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र म्हणजे ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, २५६ जीबीची एसएसडी, लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) आणि शेजारच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, विंडोज. जागा नागपूर, काळ ऑक्टोबर ते मे. मिंट कसे चालते यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हा अनुभव मिंटसोबत फुकट मिळणाऱ्या माणसांच्या मदतीचा आहे: आयआरसी आणि मॅट्रिक्स या गप्पांच्या सेवांवरच्या परदेशी चॅटखोल्या, आणि गावातल्या लिनक्सवाल्यांचा फोनवरचा ग्रुप.

निकाल आधी. मदत खरोखर चांगली आहे, पण प्रश्नासोबत जेवढा पुरावा द्याल तेवढीच ती मिळते. ‘वायफाय चालत नाही, अर्जंट, प्लीज हेल्प’ हे वाक्य दिवसभर तसेच पडून राहते. ‘कुणाला वायफायबद्दल विचारू का?’ हेही तसेच. परवानगी मागत बसू नये, सरळ प्रश्नच टाकावा.

वायफायचेच उदाहरण घेऊ, कारण जुन्या लॅपटॉपवर पहिली अडचण बहुधा तीच येते. लॅपटॉपचे मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी वायफाय कार्डे बसवलेली असतात. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय’ ही कमांड उणेचिन्ह आणि त्याला चिकटून एन, एन, के ही छोटी अक्षरे जोडून चालवा; पुढच्या कमांडांनाही अक्षरे अशीच जोडायची. नेटवर्कच्या ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात, मध्ये कोलन असलेले दोन चार-चार अक्षरी आकडे दिसतील. पहिला आकडा चिप बनवणाऱ्याचा: १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लागला आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. ती ओळच नसेल तर ड्रायव्हरच लागलेला नाही. मदत करणारा सगळ्यात आधी हेच विचारतो, म्हणून ते पहिल्याच संदेशात द्यावे. सोबत कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) आवृत्ती आणि यंत्राची माहिती देणाऱ्या ‘इन्क्सी’ कमांडचा अहवाल. इन्क्सीला मोठा एफ आणि छोटा झेड जोडा. झेडमुळे मॅक आणि आयपी पत्ते (नेटवर्कवर यंत्राची ओळख सांगणारे आकडे) झाकले जातात. एवढे टाकले की बहुतेक वेळा पहिले उत्तर थेट कामाचे येते.

नेटच नसेल तर हे सगळे पाठवायचे कसे? अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग (फोनचे नेट लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर उतरवून घ्यायलाही हाच मार्ग आहे.

मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नये. फोटोतला मजकूर शोधता येत नाही की कॉपी करता येत नाही. यंत्र सुरू होतानाच अडकत असेल तर मात्र फोटोला पर्याय नसतो, आणि तिथे कुणी हरकत घेत नाही. एरवी लांब लॉग (सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी) ‘पेस्टबिनिट’ या कमांडने नेटवर चढवावा आणि खोलीत फक्त दुवा द्यावा. चॅटखोलीत चाळीस ओळी ओतल्या की बाकीच्यांचे बोलणे वर वाहून जाते, आणि आयआरसीचा सर्व्हर तुम्हाला बाहेरही काढू शकतो. चढवण्याआधी लॉग एकदा स्वतः वाचा. युजरचे आणि यंत्राचे नाव त्यात असते.

भाषेबद्दल एक गोष्ट लवकर कळली तर खूप वेळ वाचतो. डेस्कटॉप मराठीत ठेवला असेल तर काही त्रुटीसंदेशही मराठीत येतात, आणि ते घेऊन परदेशातल्या माणसाकडे गेलो तर त्याचे हात बांधले जातात. उपाय सोपा आहे. कमांडच्या आधी एलसी, अंडरस्कोर, ऑल, बरोबरचे चिन्ह आणि सी हे सगळे मोठ्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायचे. तेवढ्या एका कमांडचे उत्तर इंग्रजीत येते, डेस्कटॉप मराठीच राहतो. आपले इंग्रजी मोडके असले तरी चालते. संदेश मात्र अक्षरशः द्यावा. ‘काहीतरी परमिशनचा एरर आला’ यातून कुणालाच काही कळत नाही.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. खरी अडचण न सांगता स्वतः ठरवलेल्या उपायाबद्दल विचारणे. नमुना असा: ‘रूट पार्टिशन (म्हणजे सिस्टिम बसलेले) मोठे कसे करू?’ यावर पार्टिशन हलवण्याच्या पायऱ्या मिळतात, आणि त्या जोखमीच्या असतात. खरी अडचण असते ३० जीबीचे रूट भरल्याची. ‘डीएफ’ या कमांडला एच जोडून चालवले की किती भरले ते दिसते, पण का भरले ते नाही. मिंटमध्ये बहुधा कारण टाइमशिफ्टचे, म्हणजे सिस्टिमच्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचे निघते. आरसिंक या फाइली कॉपी करण्याच्या पद्धतीत त्याचा पहिला स्नॅपशॉट जवळपास पूर्ण सिस्टिमएवढी जागा घेतो, पुढचे फक्त बदललेल्या फाइलींची. स्नॅपशॉट त्याच पार्टिशनवर असतील तर डिस्क भरायला वेळ लागत नाही. टाइमशिफ्टच्या खिडकीतून जुने स्नॅपशॉट काढा, रोजचे दोनच ठेवा, जमल्यास जागा बाहेरच्या डिस्कवर द्या. फाइल मॅनेजरमधून त्या फोल्डरला हात लावू नका. ‘रूट भरले आहे, हा डीएफचा आकडा’ एवढेच विचारले असते तर दुसऱ्या संदेशात हे उत्तर मिळाले असते.

अनोळखी माणसाने दिलेली कमांड आंधळेपणाने चालवणे हाही शिष्टाचार नव्हे. ‘ही काय करते?’ असे विचारले तर चांगला मदतनीस रागावत नाही. ‘सुडो’सोबत (सगळे अधिकार देणारी कमांड) ‘आरएम’ (फाइली पुसणारी) किंवा ‘डीडी’ (डिस्कवर थेट लिहिणारी) दिसले, किंवा नेटवरून उतरवलेली फाइल थेट ‘बॅश’मध्ये (कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ओतायला सांगितली, तर थांबावे. दोघांचे सल्ले एकाच वेळी आजमावू नयेत. एक बदल, मग निकाल, मग दुसरा. नाहीतर कशाने बिघडले ते कुणालाच सांगता येत नाही.

सिक्युअर बूटवरून (यंत्र सुरू होताना सही नसलेले प्रोग्रॅम रोखणाऱ्या सोयीवरून) इथे हमखास गोंधळ होतो. ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बसवताना सिस्टिम एक पासवर्ड ठरवायला लावते. रीबूट झाल्यावर निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत एखादी कळ दाबली नाही तर निघून जातो. तिथे ‘एनरोल एमओके’ (यंत्राच्या मालकाची की नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हे हुकले की ड्रायव्हर बसलेला दिसतो पण लागत नाही, आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश येतो. यावर ग्रुपमध्ये झटपट सल्ला येतो: ‘सिक्युअर बूट बंद कर ना भाऊ.’ सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. शेजारच्या विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर पुढच्या वेळी ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की आधी कागदावर उतरवून घ्या, मगच बायोसला (यंत्राच्या मूळ सेटिंगला) हात लावा.

वेळेचे गणित नागपुरातून सरळ आहे. आपले घड्याळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. सकाळी दहाला विचाराल तेव्हा युरोपात पहाट असते आणि अमेरिकेत रात्र. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ उत्तम. युरोपात दुपार, न्यूयॉर्कला सकाळ. विचारून लगेच बाहेर पडू नये. साध्या आयआरसीवर तुम्ही नसताना आलेले उत्तर तुमच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे वीज गेली की संवाद तुटतो. मॅट्रिक्सवर मागचे संदेश राहतात, म्हणून उन्हाळ्यात तेच बरे.

गावातल्या ग्रुपची रीत वेगळी. तिथे पाच मिनिटांत उत्तर येते, सीताबर्डीत रॅम कुठे मिळेल तेही कळते. मराठीच्या अडचणींना तर हाच दरवाजा. जुन्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला का दिसतो, किंवा ‘सुऱ्या’मधला र कसा उमटवायचा (इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे, मग हलन्त, मग य), हे परदेशी मदतनिसाला विचारून उपयोग नाही. उणीव एकच: चार दिवसांनी ते उत्तर सापडत नाही. शिवाय ओळख नसताना थेट फोन करणे आणि दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकणे फार चालते. ‘भाऊ, फोन करू का?’ एवढे आधी लिहावे. उत्तर आले नाही म्हणून तासातासाला तोच प्रश्न चिकटवू नये. आणि प्रत्यक्ष भेटायचे ठरले तर चार्जर, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि आधीच घेतलेला बॅकअप सोबत न्यावा. दुसऱ्याच्या घरी बसून बॅकअप घेणे म्हणजे त्याची अख्खी संध्याकाळ खाणे.

तुसडी उत्तरेही मिळतात. ‘मॅन्युअल वाच’ म्हणणाऱ्याने कोणते पान ते सांगितले असेल तर ती मदतच आहे, घ्यावी. अपमान मात्र सोसायचे कारण नाही. डेबियन या लिनक्सने २०१४ मध्ये मतदान घेऊन आचारसंहिता स्वीकारली, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचीही आहे. उलट बोलू नये, खोलीच्या ऑपरेटरला कळवावे.

मे महिन्यासाठी एक खास सूचना. पारा ४५च्या आसपास असताना लॅपटॉप आपोआप बंद पडला तर ‘लिनक्स क्रॅश होते’ असे लिहू नका. लॉग दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ कमांडला बी आणि उणे एक देऊन आधीच्या बूटचा लॉग काढा आणि त्यात ‘क्रिटिकल टेम्परेचर’ शोधा. मग यंत्राचे तापमान दाखवणाऱ्या ‘सेन्सर्स’ कमांडचा आकडा, खोलीचे तापमान आणि पंखा शेवटचा कधी साफ केला ते लिहा. परदेशातला माणूस खोली पंचवीस अंशांची धरून चाललेला असतो.

प्रश्न सुटला की परत येऊन लिहायचे राहू देऊ नका. ‘झाले, थँक्स’ पुरत नाही. लिहावे ते असे: ‘कार्ड १४ई४, कर्नल अमुक, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसवला, एमओकेचा पडदा हुकला होता, मोकयूटिल कमांडने की पुन्हा नोंदवली, दोन रीबूटनंतरही वायफाय टिकून आहे.’ आणि ज्याने वेळ दिला त्याचे टोपणनाव घेऊन आभार.