शेरबूर ते गर्नसी: पेन्सिल, खोडरबर आणि एनपी २६४

इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीतल्या चॅनेल बेटांकडे (जर्सी, गर्नसी, ऑल्डर्नी वगैरे) शिडाची बोट न्यायची तर आधी काय घ्यावं, असं कुणी विचारलं की मी एनपी २६४ सांगते. ब्रिटिश ॲडमिरल्टीचा हा प्रवाहांचा ॲटलस अगदी पातळ आहे. डोव्हर या इंग्लिश बंदरातल्या भरतीच्या सहा तास आधीपासून सहा तास नंतरपर्यंत, तासाला एक असे तेरा नकाशे. कुठल्या तासाला पाणी कुठे आणि किती जोरात वाहतं, एवढंच त्यात आहे.

एवढ्यासाठी अख्खं पुस्तक? मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे पाणी फार तर दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर गेली की बातमी होते. जर्सीला उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीत, हाच फरक बारा मीटरच्या घरात जातो. एवढं पाणी सहा तासांत बेटांच्या आणि खडकांच्या मधून आत शिरतं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडतं. ऑल्डर्नी बेट आणि फ्रान्सचं केप द ला हाग यांच्यामधल्या ऑल्डर्नी रेस या सामुद्रधुनीत उधाणाला प्रवाह ९ नॉटांपर्यंत जातो (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर). माझी बोट ५ नॉटांची. पाणी उलटं असेल तर इंजिन लावूनही ती मागेच जाणार.

नकाशांवर प्रवाह बाणांनी दाखवलेत. त्या बाणांशेजारचे आकडे पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकतात. समजा २७,५१ छापलंय, तर भांगाच्या दिवशी (अष्टमीच्या सुमाराला, पाणी सगळ्यांत कमी चढतं-उतरतं तेव्हा) २.७ नॉट आणि उधाणाला ५.१. स्वल्पविराम जिथे आहे, साधारण तिथेच ते मोजमाप घेतलेलं असतं. मधल्या दिवसांसाठी सुरुवातीला एक आलेख दिलाय: दोन्ही आकडे जोडणारी रेघ मारायची आणि त्या दिवशी डोव्हरला पाणी किती चढतं-उतरतं त्यावरून वेग वाचायचा. अंदाजाने 'मधलं काहीतरी' धरणाऱ्यांनी हा आलेख जरूर वापरावा.

खरं काम पेन्सिलीचं. मधल्या पानावर त्या दिवशीची डोव्हरच्या भरतीची वेळ लिहायची, मग पुढेमागे एकेक तास. प्रत्येक पान त्या वेळेच्या अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर चालतं. शेरबूर या फ्रेंच बंदरातून निघताना घड्याळाचा घोळ होतो: फ्रान्स गर्नसीच्या एक तास पुढे, आणि तक्ते बहुधा ग्रीनिचच्या वेळेत. सगळ्या पानांवर एकाच देशाच्या घड्याळाने वेळा लिहा आणि कुठल्या ते मुखपृष्ठावर ठळक नोंदवा.

मग पानं उलटत गेलं की दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. शेरबूरहून डोव्हरच्या भरतीच्या तीन तास आधी निघायचं. तेव्हा बाहेरचं पाणी पूर्वेकडे जात असलं तरी किनाऱ्याला लागून पश्चिमेकडे जाणारी धार मिळते. रेसमध्ये प्रवाह डोव्हरच्या भरतीच्या अर्धा तास आधी नैऋत्येकडे वळतो. ती वेळ साधली की पुढे गर्नसीपर्यंत पाणीच ढकलत नेतं.

पण ॲटलसमध्ये वारा नाही, आणि इथे लोक फसतात. या भागातला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणजे गर्नसीला नेणारं पाणी बरोबर त्याच्या तोंडावर जातं. उधाण आणि जोरदार नैऋत्य वारा एकत्र आले की रेसमध्ये लाटा उभ्या राहून फुटतात. ऑल्डर्नी आणि शेजारचं बुर्हू बेट यांच्यामधल्या स्विंज या अरुंद वाटेतही तेच. बाण मात्र तसाच सुंदर, गर्नसीकडे वळलेला. अशा दिवशी मी शेरबूरमध्ये मासे खात बसते.

पाण्याची उंचीही यात नाही. वरच्या हिशोबाने तुम्ही गर्नसीच्या सेंट पीटर पोर्ट बंदराला पोचता तेव्हा ओहोटी संपून पाणी नुकतं चढू लागलेलं असतं, आणि तिथल्या व्हिक्टोरिया मरीनाच्या (बोटी बांधायच्या गोदीच्या) तोंडाशी असलेला, ओहोटीत आतलं पाणी अडवणारा उंबरठा नकाशाच्या शून्य पातळीपासून ४.२ मीटर वर आहे. दीड मीटर खोल बोटीला सहा मीटर तरी पाणी हवं. म्हणजे बाहेरच्या तरंगत्या धक्क्यावर थांबणं आलंच. जेवणाची सोय आधी करा. गर्नसी आणि हर्म बेटांमधल्या लिटल रसेल या वाटेतले खडक तर मोठ्या नकाशावरच बघायचे. किनाऱ्यालगतचे छोटे भोवरेही या आकाराच्या पानावर मावत नाहीत.

फोनवरचं ॲप हेच सगळं दाखवतं, मग कागद कशाला? ॲपमध्ये आत्ताचा बाण दिसतो. मला तीन तासांनंतरचा आणि दोन तास उशीर झाला तर काय, हे शेजारी-शेजारी ठेवून बघायचं असतं. बोटीत दोन पानांत बोट घालून वाद घालता येतो. कागद भिजतो हे मान्य. मी पारदर्शक पिशवीत ठेवते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, आइल ऑफ वाइटच्या अलीकडच्या सोलेंटमध्येच फिरणार असाल तर हा घेऊ नका, त्यासाठी एनपी ३३७ वेगळा आहे. घेतलात तर टूबी पेन्सिल वापरा. कडक पेन्सिलीचे आकडे खोडूनही कागदावर उमटलेले राहतात, आणि मागच्या सफरीची वेळ आजची म्हणून वाचली जाते.