स्वयंचलित फाटक की गेटमनचं फाटक: गाड्या बघायला कुठे उभं राहावं?

गाड्या बघायचा नाद लागला की बहुतेक जण आधी स्टेशन गाठतात. इंजिनांचे नंबर टिपायचे असतील तर फलाट चांगलाच. पण घंटा, लुकलुकणारे लाल दिवे, खाली येणारा दांडा आणि समोरून भरधाव जाणारी गाडी हे सगळं एका जागी हवं असेल, तर फाटकाला पर्याय नाही. प्रश्न इतकाच, की कोणत्या फाटकाला?

स्वयंचलित फाटकात गाडी स्वतःच फाटक पाडते. फाटकाअलीकडच्या रुळांच्या एका पट्ट्यातून बारीक वीजप्रवाह वाहत असतो. गाडीची चाकं त्या पट्ट्यात आली की दोन्ही रूळ चाकांमधल्या आसामुळे जोडले जातात, रिलेपर्यंत (विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंत) वीज पोचत नाही, रिले पडतो आणि दिवे सुरू होतात. या ट्रॅक सर्किटचं पेटंट विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली घेतलं. रूळ तुटला तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड झाला तर फाटक बंद होण्याकडे कल.

इथे स्टॉपवॉच खिशात ठेवा. अमेरिकेतल्या नियमानुसार दिवे लागल्यावर किमान ३ सेकंद दांडा हलत नाही, गाडी पोचण्याच्या किमान ५ सेकंद आधी तो आडवा झालेला असतो आणि एकूण इशारा २० सेकंदांहून कमी चालत नाही. जुन्या पद्धतीत पट्ट्याची लांबी ठरलेली असते, त्यामुळे रमतगमत येणाऱ्या मालगाडीसाठी घंटा कितीतरी वेळ वाजत राहते. नव्या यंत्रणा गाडीच्या वेगाचा अंदाज घेऊन दिवे लावतात. मालगाडी आणि एक्सप्रेस दोघींची वेळ जवळपास सारखी भरली, तर फाटकाजवळची यंत्रणेची पेटी न उघडता कळतं की आत काय बसवलंय! मला या छंदातली सगळ्यात मोठी गंमत हीच वाटते.

सिग्नलशी जोडलेल्या, गेटमन असलेल्या फाटकात क्रम उलटा. आधी स्टेशनवरून फोन येतो, गेटमन फाटक पाडून कुलूपबंद करतो आणि त्यानंतरच गाडीला सिग्नल मिळू शकतो. भारतात अशा गेट सिग्नलच्या खांबावर पिवळ्या चकतीवर काळा ‘जी’ दिसतो. नवख्याची फसगत इथेच होते: दिव्याचं तोंड येणाऱ्या गाडीकडे असल्याने फाटकावरून खांबाची पाठच दिसते. खांबावर वर-खाली होणारी पट्टी, म्हणजे ‘हात’ असलेला जुना सिग्नल असेल तर मात्र हात हललेला मागूनही कळतो.

शिवाय थांबावं लागतं, आणि पुष्कळ. फाटक पडल्यावर गाडी कधी उगवेल याचा नेम नाही. फोटो काढणाऱ्याला मात्र हीच सोय: जागा बघा, फ्रेम लावा, उन्हाची दिशा तपासा. स्वयंचलित फाटकावर वीस-तीस सेकंदांत हे जमत नाही, म्हणून तिथे व्हिडिओच बरा. तसेही आळीपाळीने लुकलुकणारे दिवे एका फोटोत अर्धेच उमटतात. हॉर्नची हौस असेल तरी व्हिडिओच. अमेरिकेत फाटकाआधी दोन लांब, एक आखूड, एक लांब असा ठरलेला हॉर्न देतात.

सिग्नलची यंत्रणा समजून घ्यायची असेल तर स्वयंचलित फाटक निवडा. गाडीचा निवांत फोटो हवा असेल तर गेटमनचं. तिथे कामावरच्या गेटमनशी गप्पा मारायचा मोह तेवढा टाळा, तो फोन ऐकत असतो.

दोन्हीकडे शक्यतो दुहेरी मार्गाचं फाटक शोधा. एक गाडी गेली तरी घंटा थांबली नाही, तर दुसरी येतेय. ब्रिटनमधल्या अनेक फाटकांवर अशा वेळी आवाजाचा सूर बदलतो, जपानमध्ये बाण पेटून दिशा सांगतात. इतरत्र दांडा पूर्ण वर जाईपर्यंत कॅमेरा सुरू ठेवा आणि दांड्याच्या बाहेरच राहा.