न्यू यॉर्क डॉल्स : आधी १९७३चा अल्बम घ्यावा की २००६चा?

न्यू यॉर्क डॉल्स या अमेरिकन रॉक बँडची ओळख कोणत्या अल्बमपासून करून घ्यावी, असे विचारले की बहुतेक जाणकार १९७३च्या पहिल्या अल्बमचे नाव सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. जॉनी थंडर्सची ओरबाडणारी गिटार आणि तिला रेटत नेणारे जेरी नोलनचे ड्रम बँडच्या २००४च्या पुनर्मीलनानंतरच्या एकाही अल्बमवर मिळणार नाहीत, कारण थंडर्स १९९१ साली आणि नोलन त्याच्या पुढच्याच वर्षी निवर्तला.

तरीही मी निवड केली तेव्हा एक गोष्ट आड आली, ती म्हणजे मिक्सिंग, म्हणजेच वेगवेगळ्या वाद्यांचे आणि गळ्याचे आवाज एकत्र जुळवण्याची पद्धत. टॉड रंडग्रेनने निर्मिती केलेल्या या अल्बममध्ये दोन गिटार आणि गायन एकमेकांवर इतके चढलेले आहेत की आवाज वाढवल्याशिवाय ते सुटे होत नाहीत. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत आणि मला सवड मिळते ती रात्री जेवणे आटोपल्यावर. त्या बेताच्या आवाजात ‘पर्सनॅलिटी क्रायसिस’ या गाण्याचा जोर जाणवतो, शब्द मात्र निसटतात, हेडफोन लावूनही मला फारसा फरक वाटला नाही. ज्यांचे इंग्रजी गाण्यांवर माझ्यापेक्षा कान अधिक बसलेले आहेत, त्यांना ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. परंतु बँडचा गायक डेव्हिड जोहान्सन हा मुळात शब्दांचा गायक होता, आणि तेच ऐकू येऊ नयेत हे मला फार खटकत राहिले. या मिक्सिंगवर खुद्द थंडर्सही नाराज होता.

मधल्या पडझडीविषयी थोडक्यात : रेकॉर्ड खपल्या नाहीत, व्यसने वाढली आणि १९७५ साली फ्लोरिडाच्या दौऱ्यातूनच थंडर्स व नोलन निघून गेले. २००४ साली इंग्रज गायक मॉरिसीच्या पुढाकाराने उरलेले तिघे लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एकत्र आले, पण काही आठवड्यांतच बासवादक आर्थर केन रक्ताच्या कर्करोगाने गेला.

त्यामुळे ‘वन डे इट विल प्लीज अस टू रिमेंबर इव्हन धिस’ या २००६च्या अल्बमवर मूळचे दोघेच आहेत, जोहान्सन आणि सिल्वेन सिल्वेन. स्टीव्ह कॉन्टेची गिटार उत्तम असली तरी थंडर्सच्या मानाने जरा जास्तच नीटनेटकी आहे, आणि ज्यांना तो बेबंदपणाच हवा आहे त्यांचे समाधान ती करणार नाही. निर्माता आहे जॅक डग्लस, जो पहिल्या अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रण अभियंता होता. त्याने जोहान्सनचा वयाने जाड झालेला आवाज पुढे आणला आहे, आणि मेलेल्या सोबत्यांमागे उरलेल्या माणसाचे दुःख व मिश्कीलपणा त्यात शब्दागणिक कळतो.

मोठ्या आवाजात ऐकण्याची मुभा असेल, तर १९७३चाच अल्बम आधी घेण्यास माझी हरकत नाही. माझ्यासारखी परिस्थिती असेल, तर मात्र २००६चा आधी घ्यावा. जोहान्सनच्या गाण्याची लकब त्यातून एकदा कानात बसली की पहिल्या अल्बमच्या गोंगाटातही त्याचे शब्द पुष्कळ वेचता येतात.