सांगलीच्या विश्रामबागेतली सहा महिन्यांची यूएक्स इंटर्नशिप: ५ पैकी साडेतीन

पहिल्या दिवशी मला लॅपटॉप मिळाला नाही, खुर्ची मिळाली. तीही मजकूर विभागातल्या ताईंच्या टेबलाला चिकटून. "बस हितं आन् बघ," एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या. चार दिवस नुसती बघत बसले आणि मनातल्या मनात वैतागले. यूएक्स डिझाइन, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला सोपं करायला आले होते, हे काय! पण पुढं जे काही जमलं ते त्या चार दिवसांच्या जोरावरच.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि मी सही केलेला कागद त्यांच्या कपाटात आहे. धंदा सांगते: शेतकऱ्यांना मोबाईलवर पिकाचे सल्ले पाठवायचे. तासगावकडची द्राक्षं, वाळव्याकडचा ऊस, हळद. शेतकऱ्याला फक्त मेसेज दिसतो. तो लिहायचं, तपासायचं आणि पाठवायचं जे आतलं सॉफ्टवेअर आहे, त्यावर माझं काम होतं. जुलै ते डिसेंबर, महिना ८ हजार. मी मिरजेची, त्यामुळं सिटी बसनं ये-जा आणि घरचा डबा. पुण्यात एवढे पैसे कॉट बेसिस आणि मेसमध्येच गेले असते.

आता मुख्य गोष्ट. ताईंजवळ एक दोनशे पानी वही असायची. सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं मोजायचा आकडा होता, १६० पासून उलटा उतरणारा. ताई त्याच्याकडं ढुंकून बघायच्या नाहीत. मेसेज आधी वहीत लिहायच्या, पेन्सिलीनं टिंबं देत मोजायच्या आणि मग टाईप करायच्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्यो आकडा इंग्रजीचा हाय गं. त्याचं ऐकलं की बिल तिप्पट येतंय."

बरोबर होतं त्यांचं. १६० चा हिशोब इंग्रजी एसएमएसचा. देवनागरी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकी अक्षरपद्धतीत) जाते, तिथं एका एसएमएसला जागा ७० च. त्यापुढं गेलं की मेसेजचे तुकडे पडतात आणि दर तुकड्यात ६७ च जागा उरतात, कारण तुकडे परत जोडायची खूणही त्यातच बसवावी लागते. म्हणजे १६० पर्यंत लिहिलं तर तीन मेसेजचे पैसे. त्यात आपली जोडाक्षरं. 'द्राक्षे' डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात, मशीन आठ मोजतं: द, पायमोड, र, काना, क, पायमोड, ष, मात्रा. ताईंना यातलं युनिकोड वगैरे काही माहीत नव्हतं. बिलं बघून बघून त्यांनी स्वतःचा हिशोब बसवला होता, आणि तो एक-दोन जागांपलीकडं कधी चुकत नव्हता.

मी काय केलं, तर १६० चे ७० केले, आकडा जरा मोठा केला, लाल-हिरवा रंग दिला आणि खूश झाले. ताईंनी बघितलं. "आकडा घेऊन मी काय करू? किती मेसेजचं पैसं पडणार ते सांग की." मग आकडा काढूनच टाकला. आता लिहायच्या चौकटीखाली तीन डबे आहेत, लिहील तसे भरत जाणारे. दुसरा डबा भरायला लागला की ताई 'कृपया' खोडतात. वही अजून टेबलावर आहे, पण तिच्यात भिशीचा हिशोब असतो.

दुसरा किस्सा मी यायच्या आधीचा, पण ऑफिसात रोज निघायचा. असे मेसेज मनाला येईल तसे पाठवता येत नाहीत. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणं मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो आणि आपण त्यातल्या मोकळ्या जागा भरायच्या. एका नव्या मुलानं शिकताना सगळ्या जागांत 'चाचणी' भरलं. 'जतन करा' आणि 'पाठवा' ही बटनं शेजारी शेजारी, एकाच निळ्या रंगाची. झालं. अख्ख्या तालुक्याला मेसेज गेला की आपल्या भागात चाचणीचा प्रादुर्भाव दिसत असून त्वरित चाचणीची फवारणी करावी. दुसऱ्या दिवशी एका बागायतदाराचा फोन, "दुकानात चाचणी मिळंना, दुसरं काय मारू?"

यावर मी पुस्तकी उपाय केला: 'तुम्हाला खात्री आहे का?' अशी खिडकी. सगळ्यांनी न वाचता 'हो' दाबलं. खात्री कुणाला नसते? मग प्रश्न काढला आणि तिथं मेसेज जसाच्या तसा, फोनवर दिसेल तसा लावला. खाली किती जणांना जाणार तो आकडा. बटनावर 'पाठवा' ऐवजी '१,८४० जणांना पाठवा'. तेव्हा कुठं ताईंचं बोट अर्धा सेकंद थांबलं. बाहेरच्यांसाठीचं ॲप करताना वापरणारी माणसं शोधत हिंडावं लागतं; इथं ती वडापाव खात समोर बसलेली. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय की ५ जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी सापडतात. आमच्याकडं वापरणारेच सहा होते, त्यातला एक कायम तासगावात बागांमध्ये.

तोटा असा की कुणी काही लपवत नाही. नवीन डिझाइन आलं की सकाळी दारातच, "जुनं बरं होतं." पिकांची यादी इंग्रजी वर्णक्रमानं होती, ती मी मराठी अकारविल्ह्यानं लावली, तर दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. रोजची चार पिकं वर आणली तेव्हा अबोला सुटला.

दीड गुण कुठं कापला ते सांगते. शिकवायला डिझाइनर ऑफिसात नाहीच. पुण्याचे एक सर गुरुवारी अर्धा तास व्हिडिओवर येणार असं ठरलेलं. महिन्यातले दोन गुरुवार बुडायचे. माझ्या पाच कामांपैकी प्रत्यक्षात तीनच उतरली, बाकीची 'पुढच्या रिलीजला'. शेवटच्या महिन्याचे पैसे सहा आठवड्यांनी आले, तेही तीन फोन केल्यावर. आणि सगळ्यात बोचलेली गोष्ट: आतलं सॉफ्टवेअर म्हणून एकही स्क्रीन पोर्टफोलिओत दाखवता येत नाही. मी शेवटी तीन डबे कोऱ्या कागदावर नव्यानं काढले, खोट्या मजकुरासकट, आणि सोबत वहीची गोष्ट लिहिली. मुलाखतीत आतापर्यंत सगळ्यांनी वहीबद्दलच विचारलंय.

अर्ज करणार असाल तर पोर्टफोलिओत काय चालेल आणि पैसे कोणत्या तारखेला, हे पहिल्याच दिवशी मेलवर लिहून घ्या. लॅपटॉप उशिरा मिळाला तर भांडू नका. ताईंच्या शेजारची खुर्ची मागा. खिडकीकडची नको, दुपारी ऊन येतं.