आजीच्या आवाजाची कॅसेट : व्हीएचएस ते डीव्हीडी, आठ महिन्यांनंतर

सदाशिव पेठेतला वाडा सोडून कोथरूडला आलो, तेव्हा आईने एक पत्र्याची ट्रंक न उघडताच आणली होती. आत १९ व्हीएचएस कॅसेटी. ताईचं लग्न, दादाची मुंज, घरचे गणपती, आजीचं सहस्रचंद्रदर्शन. गेल्या पावसाळ्यात एका कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरवर घेऊन डीव्हीडीवर उतरवायचं काम चालू आहे. १६ कॅसेटी झाल्या.

व्हिडिओचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यूएसबी कॅप्चर मी तापकीर गल्लीतून घेतलं, अगदी साधं. आठ महिन्यांत त्याने एकदाही त्रास दिला नाही. पहिल्या दिवशी चित्र कृष्णधवल आणि वर सरकत राहिलेलं दिसलं, कारण सेटिंग एनटीएससीवर, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीवर होतं. आपल्याकडचं शूटिंग पीएएल पद्धतीचं. ते बदललं आणि ताईच्या शालूचा रंग आला.

पैसे आणि वेळ घालवायचा तो व्हीसीआरवर, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रावर. नवीन मिळणं विसरा, जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्राने मुंजीच्या कॅसेटचा काही भाग चुरगाळला. ती दोन मिनिटं कायमची गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. मग मामाच्या माळ्यावरचा व्हीसीआर काढला, बुधवार पेठेतल्या मेकॅनिककडून बेल्ट बदलून घेतला, टेप वाचणारं हेड साफ करून घेतलं. तीच कॅसेट, तेच कॅप्चर, पण मुंग्या जवळजवळ गेल्या! घरी हेड पुसायचं असेल तर मऊ चामड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते हेड बसवलेल्या गोल ड्रमला नुसतं टेकवायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. बुरशीची कॅसेट तशीच लावू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते.

वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणते, म्हणजे गुंडाळी सैल-घट्ट राहत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, घाई चालत नाही. सुरुवातीला आवाज कॉम्प्युटरच्या वेगळ्या पिनमधून घेत होते, तर तासाभरात मंगलाष्टकं आणि भटजींचे ओठ वेगळे पडले. आवाजही कॅप्चरच्याच वायरीतून घेतल्यावर जुळलं.

कॉम्प्युटरवर बघताना कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. मी घाबरून त्या काढून टाकल्या होत्या, ते चुकलं. पीएएलमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं (एक ओळ सोडून एक) असतात, रेघा त्यामुळे दिसतात. डीव्हीडीसाठी चित्र ७२० बाय ५७६, तसंच ठेवायचं. टीव्हीवर रेघा दिसत नाहीत आणि हालचाल जास्त सहज वाटते.

४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास नीट बसतात. तीन तास कोंबले तेव्हा वरातीतल्या फुलबाज्यांचे चौकोन झाले. आता लांब कॅसेट दोन डिस्कवर करते. डीव्हीडी बनवायचं डीव्हीडीस्टाइलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मेनूही मराठीत करता आला. पण डीव्हीडी आईसाठी आणि आत्यासाठी, तिच्याकडे अजून प्लेअर चालतो. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवते आणि ती कधीच पुसत नाही.

सहस्रचंद्रदर्शनाच्या कॅसेटमध्ये आजी नातवंडांना ओवाळताना एक ओवी म्हणते. शूटिंगवाल्याचा कॅमेरा भलतीकडेच आहे, दिसते ती फक्त समई. डिस्क मिळाल्यावर आत्याचा फोन आला, "अगं, ही ओवी आमच्या आईने मला निजवताना म्हटलेली." मग बराच वेळ ती काही बोललीच नाही.

बुरशीच्या तीन कॅसेटी सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवल्या आहेत. खालचे पाच स्क्रू काढून त्यांची रिळं नव्या कवचात घालायची आहेत. पाऊस संपून हवा कोरडी झाली की दिवाळीच्या सुट्टीत तेच काम.